आमचे नाना : मिगचा फिटर, निवृत्तिनाथांचा वारकरी

गोदाकाठची

पौषातली त्र्यंबकची यात्रा झाली आणि पुढच्याच आठवड्यात आमचे नाना गेले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. दहाव्या-तेराव्याला माणसं भेटून गेली. जो तो दोनच गोष्टी सांगायचा : नाना कामाला चोख होते आणि नाना फार देवभोळे होते. पहिली सोळा आणे खरी. दुसरी मला तिथे बसल्या बसल्याही खटकत होती, पण सुतकात कोणाशी वाद घालणार? म्हणून इथे लिहितेय. टाउनशिपमधली, कारखान्यातली, दिंडीतली बरीच मंडळी इथे वावरतात. तुमच्या आठवणी असतील तर लिहा.

नाना मूळचे निफाड तालुक्यातले. आयटीआय करून १९६८ साली हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या ओझरच्या कारखान्यात फिटर म्हणून चिकटले. तो कारखानाच मुळात १९६४ साली मिग-२१ साठी काढलेला. सुरुवातीला रशियाहून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या आणि इथे विमान जुळवायचं, मग हळूहळू भागही इथेच व्हायला लागले. इंजिनं तेवढी कोरापुटहून. रशियन तज्ज्ञ टाउनशिपमध्येच राहायचे. नानांना रशियन अशी आली नाही, पण आम्ही मुलांनी कुल्फीला पैसे मागितले की 'न्येत' एवढं मात्र ठसक्यात यायचं.

गळ्यात तुळशीची माळ लग्नाआधीपासून. पहाटे उठून हरिपाठ, एकादशी, पौषात ओझरहून चालत त्र्यंबक. ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघाली की सिन्नरपर्यंत सोबत जायचे आणि तिथून परतायचे. पुढच्या तीन-साडेतीन आठवड्यांची रजा कोण देणार! पूर्ण वारी निवृत्तीनंतर घडली.

आता माळेची गोष्ट. घरात ही गोष्ट 'नानांनी साहेबाला कसं नमवलं' अशी रंगवून सांगतात. सुरुवातीला नाना कॉकपिटच्या कामावर होते. कॉकपिटमध्ये उतरताना अंगावर सुटं काहीच चालत नाही. घड्याळ, अंगठी, पेन, खिशातली चिल्लर, सगळं बाहेर काढून ठेवायचं. एखादं नाणं खाली घरंगळून कंट्रोलच्या दांड्यांमध्ये अडकलं तर हवेत पायलटची स्टिक अडकणार. फोरमननी माळेवर बोट ठेवलं. नाना म्हणाले, "नियम बरोबर आहे. माळ मी उतरवणार नाही. तेव्हा मला इथून काढा." आणि खरोखर अर्ज करून ते अंडरकॅरेज आणि हायड्रॉलिक्सकडे, म्हणजे विमानाची चाकं आणि ती वर-खाली करणाऱ्या तेलाच्या दाबाच्या यंत्रणेकडे गेले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. कोणी 'नमवलं' म्हटलं की नाना तिथल्या तिथे सांगायचे, "साहेब बरोबर होता. मण्याला काय कळतं तो तुळशीचा आहे की प्लॅस्टिकचा? तो पडायचा तिथे पडतोच."

हे बोलणारा माणूस देवभोळा कसा असेल?

खंडेनवमीला शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्यांच्या विभागात, हत्यारांची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. पूजेत नाना पुढे, पण टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आणि मोजमापाच्या वस्तूंना कुंकू लावू द्यायचे नाहीत. लावायचं ते पेटीच्या झाकणाला. आणि फुलं उचलून झाडलोट झाल्याशिवाय शॉपमधून हलायचे नाहीत, कारण उद्या तिथे विमान उभं राहणार.

२००४ साली ओझरला जुळवलेलं पहिलं सुखोई हवाई दलाला मिळालं. नाना त्याच सुमारास निवृत्त झाले. २०२५ साली २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीपुढे खुर्ची ओढून पूर्ण पाहिला. विमानांवर पाण्याचे फवारे उडवले तेव्हा सगळे भारावून बघत होते. नाना म्हणाले, "चाकं बघा, किती स्वच्छ ठेवलीयेत पोरांनी."

*

अनोळखी वाटसरू

भावपूर्ण श्रद्धांजली. ओझर म्हणजे अष्टविनायकातलं का? तिथे विमानांचा कारखाना आहे हे माहीत नव्हतं.

*

पिंपळगावचा बाळ

नाही हो, ते जुन्नर तालुक्यातलं, विघ्नेश्वराचं. हे नाशिकहून आग्रा रोडने पिंपळगाव बसवंतला जाताना लागतं. आमच्या आयुष्याचा बराचसा भाग हा खुलासा करण्यातच गेलाय.

ताई, नानांना चांगला ओळखतो. माझे वडील त्यांच्याच शॉपमध्ये. टाउनशिपमध्ये आमचं क्वार्टर मागच्या लाइनला. वडिलांकडून ऐकलेला एक किस्सा सांगतो.

टूल क्रिबमधून हत्यार घ्यायचं तर तिथे आपल्या नंबरचं पितळी टोकन अडकवायचं आणि हत्यार परत केलं की टोकन परत. पाळी संपताना टोकन लटकलेलं दिसलं की हत्यार बाहेर आहे, म्हणजे कदाचित विमानात आहे. एका संध्याकाळी असंच टोकन लटकलेलं. दांडीचा छोटा आरसा असतो ना, अडचणीच्या जागी घालून पलीकडचं बघायला, तो मिळेना. भोंगा झाला, बस गेली, पाळीतलं कोणी हललं नाही. जॅकवर चढवलेलं विमान तसंच. त्यात नानांची निर्जळी एकादशी. कोणीतरी कंटाळून म्हणालं, "नाना, तुमच्या विठोबाला सांगा जरा, आरसा सापडू दे." नाना म्हणाले, "त्याला मी सांगतो. तुम्ही तोवर ते पॅनल उघडा."

आरसा चाकाच्या खोबणीत सापडला, रात्री कधीतरी. वडील हा किस्सा सांगताना शेवटी हमखास सांगायचे की त्या दिवशी ओव्हरटाइम मिळाला नाही.

*

निवृत्त सार्जंट

मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. काही वर्षं ओझरलाच, कारखान्याशेजारच्या ११ बेस रिपेअर डेपोत. नानांशी ओळख नव्हती, पण ताईंनी लिहिलंय ते काम हाताखालून गेलंय, म्हणून थोडं लिहितो.

मिग-२१ चा पंख अगदी पातळ. चाकाचा पाय त्यात दुमडून बसतो, पण चाक मावत नाही. म्हणून वर जाता जाता चाक पायावरच वळतं आणि विमानाच्या धडात उभं जाऊन बसतं. ही सगळी हालचाल डोळ्याचं पातं लवेपर्यंत झाल्यासारखी वाटते, पण जुळवायला जीव काढते. विमान जॅकवर घ्यायचं, बाहेरून हायड्रॉलिक ट्रॉली जोडायची, चाकं वर, चाकं खाली, पुन्हा वर. झडप कुठे घासते, कुलूप पूर्ण लागतं का, दिवा वेळेवर लागतो का, बघत राहायचं. सिस्टिममध्ये दाब २१० किलोच्या घरात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला. तेल रशियन, एएमजी-१०, लालभडक. कुठे पाझरलं तर लगेच दिसतं आणि कपड्यावर पडलं तर त्याचा वास धुऊनही जात नाही. हायड्रॉलिक्स दगा देईल तेव्हासाठी चाकं खाली सोडायला वेगळी हवेची बाटली. ब्रेकही हवेचे, म्हणून मिग-२१ टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालताना, फुसफुसत जातं.

आणि सह्या! काम करणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची दुसरी. आपलं काम आपणच तपासून सही ठोकायची सोय नाही. कितीही जुना, कितीही हुशार फिटर असो.

*

तर्कट

लेखन चांगलं आहे, नानांविषयी आदर आहे. पण एक प्रश्न विचारतो, राग मानू नका. २०१२ साली खुद्द संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की ८७२ मिगपैकी ४८२ अपघातात गेली आणि १७१ वैमानिक मेले. 'उडती शवपेटी' हे नाव लोकांनी उगाच दिलं नाही. ज्या माणसाचे हात त्या विमानाला लागले होते, तो या सगळ्याकडे कसा बघायचा? हरिपाठ म्हणून मन शांत व्हायचं? की पांडुरंगाची इच्छा म्हणून सोडून द्यायचे? श्रद्धेचा हा उपयोग मला नेहमी सोयीचा वाटत आलाय.

*

दातलीचं रिंगण

धागा श्रद्धांजलीचा आहे. दीड महिना झाला नाही माणूस जाऊन. हे विचारायची ही वेळ आहे का?

*

गोदाकाठची

असू द्या, दादा. विचारलं ते बरं झालं. घरात हे कोणी विचारलं नसतं.

तर्कट, अपघाताची बातमी आली की नाना आधी एकच गोष्ट शोधायचे, विमानाचा नंबर. पेपरात नंबर यायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन कोणाकोणाला विचारायचे. ते विमान आपल्या पाळीतून गेलेलं होतं का, गेलं असेल तर किती वर्षांपूर्वी, मधे ओव्हरहॉल झालं का. नंबर कळेपर्यंत घरात बोलणं बंद. काकू जेवायला वाढायची, ते दोन घास खाऊन उठायचे. हरिपाठ चुकायचा नाही, पण त्याने मन शांत झालेलं मी तरी पाहिलं नाही. एकदा मी, कॉलेजात होते तेव्हा, तुमच्यासारखंच बोलले होते, की तुम्ही तर पांडुरंगावर भार टाकता ना, मग कशाला एवढं? म्हणाले, "भार त्याच्यावर माझा. विमानाचा भार माझ्यावर. त्याने कुठे सही केलीये?"

आणि एक. पायलट गेल्याचं कळलं की त्या दिवशी पांडुरंगापुढे दिवा लावायचे, पण त्याविषयी बोलायचे नाहीत. काकूनेच नंतर सांगितलं.

*

निवृत्त सार्जंट

तर्कट साहेबांचा आकडा बरोबर आहे, फक्त तो सगळ्या मिगचा एकत्र आहे आणि चाळीस वर्षांचा आहे. सगळे अपघात फिटरच्या हातून झाले असा सूर मात्र नको. एका इंजिनचं विमान. ते बंद पडलं, पक्षी आत गेला, तर दुसरं नाही. उतरण्याचा वेग तीनशे किलोमीटरच्या वर. आणि कोवळी पोरं किरणसारख्या सौम्य विमानावरून मिग-२१ वर जायची. मधला टप्पा असलेलं हॉक हवाई दलात आलं २००८ साली, ते मागायला सुरुवात झाली त्यानंतर वीसेक वर्षांनी. यात नशीब, यंत्र, माणूस आणि फाइल, सगळ्यांचा वाटा आहे.

अपघात झाला की त्या विमानाची सगळी कागदपत्रं आधी सील होतात. ज्याची ज्याची सही आहे तो प्रत्येक जण चौकशी संपेपर्यंत आत कुठेतरी पोखरत असतो. नाना नंबर का शोधायचे, ते फिटरला सांगावं लागत नाही.

*

तर्कट

उत्तर मिळालं. 'त्याने कुठे सही केलीये' हे लक्षात राहील. मी तरीही नास्तिकच आहे, पण असा माळकरी शेजारी चालला असता.

*

मिसिसागाची सून

मी मूळची सांगलीची, इथे टोरांटोच्या विमानतळावर हँगरमध्ये टेक्निशियन आहे. नियम तेच, जगभर तेच. अंगठी, साखळी, घड्याळ, काही नाही. मी पाळी सुरू होताना मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवते आणि जाताना घालते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, त्या या साइटवर नाहीत अशी आशा आहे.

माझा प्रश्न असा की नानांनी माळ पाळीपुरती काढून ठेवली असती तर काय बिघडलं असतं? चांगला कॉकपिटचा हात त्या शॉपने गमावला, असं नाही वाटत?

*

दातलीचं रिंगण

ताई, माळ आणि मंगळसूत्र एका मापाने मोजू नका. माळ घालताना वारकरी शब्द देतो. ती गळ्यातून उतरते ते माणूस गेल्यावरच.

*

मिसिसागाची सून

मंगळसूत्र घालताना मीही काही शब्द दिलेच होते, दादा.

*

गोदाकाठची

हा हा. दोघांचंही बरोबर. नानांचं म्हणणं एवढंच होतं की आपल्या व्रताची अडचण आपण सोसायची, विमानाने नाही. कॉकपिटच्या कामाला तेव्हा मान होता. अंडरकॅरेज म्हणजे गुडघे टेकून, मान वाकडी करून, तेलात हात घालून. काकूच्या मते त्यांची पाठ तिथेच गेली. पण तक्रार कधी ऐकली नाही. निवृत्तीनंतर मात्र वाकायला त्रास व्हायचा आणि पायरीचं दर्शन उभ्या उभ्या घ्यायचे, त्याचं वाईट वाटायचं त्यांना.

*

दातलीचं रिंगण

आता माझी आठवण. निवृत्तीनंतर नाना आमच्या दिंडीत पूर्ण वारी चालायचे, त्र्यंबक ते पंढरपूर. सिन्नर, नगर, मिरजगाव, करमाळा असा रस्ता. पहिल्याच वर्षी खांद्यावर पडशी आणि हातात छोटी लोखंडी पेटी. आम्हाला वाटलं औषधं. पेटीत पाने, पकडी, तारेचं भेंडोळं, बॅटरी आणि तसलाच दांडीचा आरसा, पदरमोड करून घेतलेला.

दिंडीचा सामानाचा ट्रक असतो, मागे पाण्याचा टँकर. मुक्कामाला पोचलं की सगळे पाय चोळत बसायचे, नाना ट्रकखाली. फाळक्याचा हूक रस्त्यात उघडायचा, भांडी सांडायची, हे आमचं दर वर्षीचं. नानांनी त्याच्या बोल्टांना तार ओवून पीळ घातला. तेव्हापासून फाळका एकदाही उघडला नाही. ड्रायव्हर बदलले, ट्रक बदलला, नाना नव्या ट्रकला पुन्हा पीळ घालायचे. मी एकदा विचारलं, साधी तार तर आहे, त्यात काय एवढं?

*

निवृत्त सार्जंट

साधी तार नाही, भाऊ, त्याला लॉकिंग म्हणतात! बोल्टच्या डोक्याला भोक असतं. दोन बोल्टांतून तार अशी ओवायची की एक सैल व्हायला लागला की तार दुसऱ्याला आवळायच्या दिशेने ओढेल. दिशा चुकली तर तार असून नसल्यासारखी, वर आपण निर्धास्त. इंचाला साधारण सहा ते आठ पीळ. कमी दिले तर ढिली राहते, जास्त दिले तर तिथेच तुटते. शेवटचं टोक आत वळवायचं, नाहीतर पुढच्या माणसाचा हात फाटतो. आणि एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. पहिल्या महिन्यात आमच्या उस्तादाने माझं लॉकिंग इतक्यांदा कापून टाकलं की बोटं सोलली होती.

*

दातलीचं रिंगण

नाना हेच सांगायचे, फक्त एवढं समजावून नाही. आम्ही बांधलेली तार बघायचे आणि पकडीने कट करून टाकायचे.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. नानांची वही. लांबट, हिशेबाची. रोजच्या मुक्कामाची तारीख, मग रकाने : काय काम, कोणी केलं, कोणी तपासलं. ट्रकची चाकं, टँकरचा नळ, गॅसच्या शेगड्या, मंडपाचे दोर. केलं त्याच्यापुढे नानांची सही. तपासलं त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाची तरी. शेगड्यांच्या पुढे आमच्या स्वयंपाकाच्या आजींचा अंगठा. आजींना लिहिता येत नाही. नानांनी त्यांना नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडा बघायला शिकवलं. बुडबुडा दिसला तर अंगठा द्यायचा नाही. मिरजगावच्या मुक्कामी आजींनी एकदा अंगठा नाकारला. शंभर माणूस भुकेलं, पिठलं व्हायचंय, आणि आजी अडून बसल्या. आम्ही चिडलो. नाना एक शब्द बोलले नाहीत, सांधा उघडला, वायसर बदलला, पुन्हा साबणाचं पाणी. मग अंगठा. त्या दिवशी नाना जेवताना इतके खुशीत होते की पुरणपोळी वाढलीये असं वाटावं.

*

पिंपळगावचा बाळ

+१. हे नानाच. दुसरं कोणी असूच शकत नाही.

*

निवृत्त सार्जंट

ती वही सांभाळा. घरी कारखान्यातलं काही आहे का, ताई? जुन्या नोंदी वगैरे?

*

गोदाकाठची

एक चिठोरं नाही. गेटच्या आतलं गेटच्या आतच. कारखान्याची पेन्सिलसुद्धा घरी आलेली मला आठवत नाही. किती विमानांना हात लागला, हेही त्यांनी कधी सांगितलं नाही. ओझरला सहाशेहून जास्त मिग-२१ तयार झाली म्हणतात, त्यातली किती नानांच्या पाळीची, कोण जाणे.

वही आणि पेटी दोन्ही माझ्याकडे आहेत. चुलतभावांचं मत, आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवावी. मला ते पटत नाही. ज्येष्ठात पेटी दिंडीला परत द्यावी असं मनात आहे. वहीच्या शेवटच्या पानावर गेल्या वर्षीची एक नोंद अर्धी आहे : 'शेगडी नं. ३, नळी बदलणे'. काम कोणी केलं, कोणी तपासलं, दोन्ही रकाने रिकामे. ती नळी बदलली का?

*

दातलीचं रिंगण

नाही बदलली. पंढरपुरातून परतताना तशीच गोडाऊनला टाकली, खरं सांगतो. तीन नंबरची शेगडी तेव्हापासून बंदच आहे. नवी नळी आणतो, आयएसआय मार्कची. पोरगा आहे एक दिंडीत, वायरमनचं काम करतो, हात बरा आहे. त्याला बसवायला सांगू का?

*

गोदाकाठची

सांगा. मी सिन्नरपर्यंत येणार आहे, पेटी घेऊन. त्याने बसवावी आणि सही करावी.

*

दातलीचं रिंगण

आणि तपासायला आजी आहेतच. गुडघ्यांमुळे यंदा चालणार नाहीत, ट्रकमध्ये बसून येतील. साबण त्यांच्या पिशवीतच असतो.